चंद्राच्या नावाचा खटला

बाबांच्या नववीच्या वर्गाला दर कोजागिरीला आचऱ्याच्या किनाऱ्यावर कोर्टात हजर राहावं लागे. खटला एकच, दर वर्षी तोच: पृथ्वीच्या चंद्राला स्वतःचं नाव असावं की नसावं.

बाबा भूगोल शिकवत. सूर्यमालेचा धडा आला की ते मंगळाचे फोबोस आणि डिमोस, गुरूचे युरोपा आणि गॅनिमीड, शनीचा टायटन अशी नावं फळ्यावर लिहीत आणि खडू खाली ठेवून गप्प उभे राहत. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारीच, "आणि सर, आपल्या चंद्राचं नाव काय?" कोणी विचारलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही. "हे कोर्टात ठरवू," बाबा म्हणत.

कोजागिरीला सूर्य समुद्रात उतरतो त्याच सुमाराला माडांच्या मागून चंद्र वर येतो. त्यामुळे आमच्याकडे चंद्र बघायचा तर समुद्राकडे पाठ करून बसावं लागतं. नाव हवं म्हणणारे सुरूच्या झाडांच्या बाजूला बसत, नको म्हणणारे होड्यांच्या बाजूला, आणि मधे उलट्या टोपलीवर न्यायाधीश. सरांची मुलगी म्हणून मी पहिलीपासून ह्या कोर्टात प्रेक्षक होते. नववीत गेले त्या वर्षी वकील झाले.

मी नावाच्या बाजूनं होते. माझं म्हणणं असं की मंगळाचे दोन चंद्र बटाट्यासारखे वेडेवाकडे आहेत, तरी त्यांना नावं. आणि आपला एवढा गोल, भरती-ओहोटी सांभाळणारा, त्याला नुसतं चंद्र म्हणायचं, म्हणजे घरातल्या मुलीला जन्मभर नुसतं 'चेडू', 'मुलगी' म्हणण्यासारखं आहे. माझ्याच बाजूच्या दिव्यानं संस्कृतची वही आठवून सोम, इंदू, शशी अशी नावं घडाघडा म्हणून दाखवली. बाबा म्हणाले, "ही कौतुकाची नावं झाली. आणि लॅटिनमधलं लुना म्हणशील, तर त्याचा अर्थही चंद्रच."

विरुद्ध बाजूला प्रीतम. त्याच्या वडलांची मासेमारीची होडी होती.

"सर, बंदरात इतक्यो होड्यो आसत म्हणान तेंका नावां," तो म्हणाला. "अख्ख्या दर्यात एकच होडी आसली तर नाव कित्याक होया? होडी म्हटला की झाला."

"आणि उद्या दुसरी होडी आली तर?" मी विचारलं.

"तिका नाव ठेवूया. पयली ती होडीच."

"गुरूचे चंद्र सापडले, त्यांनाही चंद्रच म्हणतात. मग आपलं काय उरलं?"

"तेंनी आपल्याकडसून उसना घेतलाहा."

"उसना घेतला तर परत देवक नको?" सुरूच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं आणि कोर्टात वाळू उडाली.

बाबांनी हसू आवरलं, घसा खाकरला आणि दर वर्षीचं वाक्य म्हटलं: "दोन्ही बाजू ऐकल्या. निकाल राखून ठेवण्यात येत आहे. पुढची तारीख पुढच्या कोजागिरीला." मग मसाला दुधाचा टोप उघडला गेला.

घरी येताना मी त्यांना विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं?"

"न्यायाधीशाला वाटेत गाठून असं विचारायचं नसतं," ते म्हणाले. त्यांच्या पायजम्याच्या दुमडीतून वाळू सांडत होती.

बाबा ह्या वर्षी ज्येष्ठात गेले. दुपारी जेवून ओटीवर आडवे झाले आणि चहाच्या वेळी उठले नाहीत. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा आई त्यांच्या उशाशी बसून होती. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "अनुजा, थय ते दाखल्याचे कागद घेवन आयलेत. तेंका नाव सांग गो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या घरात बाबांचं नाव कोणी घेत नसे. गावाला ते सर होते, आम्हा भावंडांना बाबा, आणि आईला ते "अवो" होते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे ती माहेराहून शिकून आली होती आणि ह्या बाबतीत तिनं कधी धोका पत्करला नाही. सत्यनारायणाला ती 'नारायणाची पूजा' म्हणे. भटजींनी दोनदा तिची चूक सुधारली, मग त्यांच्याही लक्षात आलं. विजेचं मीटर बघायला माणूस आला, रेशनवर नवा दुकानदार आला, दवाखान्यात केसपेपर काढायचा झाला, की आई मला पुढे करायची. "ह्येंका नाव सांग गो." मी टाचा उंचावून सांगायची: सत्यवान. मला ते नाव सांगायला फार आवडे. इतर मुलींना आपल्या आईसाठी असं काही करावं लागत नसे.

त्या दिवशीही सांगितलं. त्यानंतर ते नाव माझ्या तोंडी आलं नव्हतं. ते कुठे घ्यायचं, कोणाजवळ, हेच उरलं नव्हतं.

त्यामुळे गणपतीत माझ्या भावाला, सर्वेशला, मुलगा झाला आणि त्यानं फोनवर "बाबांचंच नाव ठेवूया, तू आत्या, तूच कानात सांगायचंस" असं म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं होतं. दाराशी उभं राहून ते नाव मोठ्यानं हाक मारून घेता येईल, आणि आतून कोणीतरी धावत येईल.

बाळंतपण भावजयीच्या, अस्मिताच्या माहेरी, वालावलला झालं होतं. सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन आचऱ्याला आली, ती कोजागिरीच्या आदल्या दिवशी. राहिलेलं बारसं आमच्याच घरी करायचं ठरलं. मीही रजा टाकून आले होते.

वर्ष शोकाचं, तेव्हा घरात सण नव्हता. पण बाबांच्या विद्यार्थ्यांनी आईला विचारलं, सरांचं कोर्ट ह्या वर्षी तुमच्या खळ्यात भरवू का? आई म्हणाली, "सण नाय करूचो. पण तेंची पोरां सणाक थोडीच येतत?" आणि तिनं सकाळीच अंगण सारवून घेतलं.

पोरं म्हणजे पन्नाशीला टेकलेलीही होती. प्रीतम आता मालवणात पर्यटकांची बोट चालवतो. दिव्या पोस्टात आहे. सगळे खळ्यात चटयांवर दोन बाजूंना बसले, आणि मधल्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं. बाबा टोपलीवर बसत, ह्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. आत पडवीत पाळण्यात बाळ होतं. तिन्हीसांजेला त्याला बाहेर काढायचं नाही, म्हणून अस्मिता खिडकीतून बघत होती.

"माननीय न्यायाधीशबाई," प्रीतम उठला. "मी बाजू बदललंय."

"हरल्यावर सगळेच बदलतत," दिव्या म्हणाली.

"तू गप ऱ्हव गो, पोस्टात बोल. तर, न्यायाधीशबाई, चंद्राक नाव होया. आणि ता आमी ठरवलाव. ग्रुपवर मतां घेतली, सगळ्यांची एकच. सरांचा नाव. आजपासून आचऱ्यात चंद्र म्हणजे सत्यवान."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं.  घराच्या अंगणात ते नाव इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आई दुधाचे पेले घेऊन बाहेर आली होती. प्रीतमनं तिलाच विचारलं, "अक्का, तुमी सांगा. सरांच्या नावाचो चंद्र बरो की नाय?"

आईनं ट्रे खाली ठेवला. "बरो आसा," ती म्हणाली. "पण मगे पोरांका जेवताना काय दाखवू? चंद्राचाव नाव घेवक गावाचा नाय माका. इतके दिवस घरातलो एकच होतो, आता आभाळातलोव."

सगळे हसले, सगळ्यांत जास्त आई. प्रीतमनं कान पकडले. पण तिचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला, तो मी बघितला.

"निकाल, निकाल," दिव्या म्हणाली.

माझी काहीच तयारी नव्हती. मी म्हणाले, "नाव हाक मारायला लागतं. गर्दीतून बोलवायला, लांबून थांबवायला. ह्याला आजवर कोणी हाक मारलेली नाही, तरी तो येतो. त्याला नाव नको."

"खंय रोज येता? आवसेक दांडी मारता!" प्रीतम ओरडला.

"मग मार त्या दिवशी हाक. येता काय बघ."

हशा पिकला, दूध प्यायलं गेलं. चंद्र तोवर माडांच्या वर आला होता. मागच्या चटईवरचा एकजण, मला त्याचं नाव आठवेना, पेला ठेवता ठेवता सहज म्हणाला, "सरांनी निकाल दिलो नसतो. राखून ठेवलो असतो." खरंच होतं. इतकी वर्षं उघडं ठेवलेलं एक दार मी बोलण्याच्या भरात लावून टाकलं होतं. त्या रात्री मला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पांगापांग होताना सर्वेशनं सगळ्यांना सांगितलं, "चंद्राचं राहू दे. परवा बारसं आहे, तेव्हा तेच नाव ऐकायला या. कणकवलीत केकची ऑर्डरही दिलीय." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. आई पेले गोळा करत होती.

"आणि अक्का काय म्हणतली नातवाक?" प्रीतमनं विचारलं.

"बाळ म्हणेल," सर्वेश म्हणाला. "आणि आता नाव घेतलं तर काय होणार आहे? बाबा आता..." तो थांबला. त्याला टोचायचं नव्हतं. तो तसा नाही. आईनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पेले विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागल्या दारी वाळत घातलेली दुपटी काढत होते. पडवीत आई पाळणा हलवत होती. तिला बाळाशी अखंड बोलायची सवय लागली होती. रे म्हाताऱ्या, रे चोरा, रे माझ्या सोन्या, असं काय काय चाले. आज बोलणं थांबून थांबून येत होतं. मी खिडकीशी गेले.

"स," आई म्हणाली. मग गप्प. पाळण्याच्या कड्या कुरकुरल्या. "स..." पुन्हा. मग ती स्वतःशीच हसली.

मी आत गेले. "काय करतंस गो?"

ती दचकली नाही. "शिकतंय. उद्या बारसा. मगे रोज घेवचा लागतला."

"जमला?"

"'स'पर्यंत येतंय. मगे जीभ म्हणता, अवो."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं डोळे पुसले, तेही हसताना पुसतात तसेच.

मी तिच्या शेजारी खाली बसले. बोलायचं नव्हतं, तरी बोलले. "माका होया ता नाव, आई. घरात कोणाच्यातरी तोंडात होया."

"म्हायत आसा. म्हणान तर शिकतंय."

बाळानं मूठ तोंडात घातली होती आणि ते गंभीरपणे ती चोखत होतं. आई म्हणाली, "सर्वेशान सांगल्यान, बाळ म्हण. म्हणीन. चाळीसावर वर्सां अवो म्हटलंय, आता बाळ म्हणीन. पण तो मोठो जातलो. मळ्यात खेळाक जातलो. पंधरा पोरां थय. मी हयसून बाळ म्हणान हाक मारलंय तर कोण बघतला? सगळेच कोणाचे तरी बाळ."

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाताला पाणी किती लागेल ते सांगावं तसं म्हटलं.

"तुका काय ठेवूचा होता?" मी विचारलं.

"माका? माका कोण इचारता? नाव आत्या ठेवता."

"आत्या मीच. मी इचारतंय."

तिनं पाळण्याची दोरी सोडली. मग म्हणाली, "सर्वेश झालो तेव्हा एक ठरवलेला. कोणाक सांगाक नाय. बारशाक तुज्या आत्येन कानात सर्वेश सांगल्यान. माजो झील, आणि तेचा नाव माका सगळ्या बायकांबरोबर कळला."

"राग नाही आला?"

"राग कसलो गो? बरा नाव. पण महिनोभर मी तेका मनात देवेश म्हणा होतंय. मगे आपोआप गेला."

माझं नावही आत्यानंच ठेवलेलं. आईचं माहेरचं नाव सुभद्रा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नर्मदा लिहिलं आणि ती नर्मदा झाली. ह्या घरातलं कोणाचंच नाव तिनं ठेवलं नव्हतं, स्वतःचंही नाही. हे मला ठाऊक होतं, सगळ्याच घरांत असतं. त्या दुपारी ते पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

मी तिला काही वचन दिलं नाही. खरं सांगायचं तर माझं ठरत नव्हतं. संध्याकाळी सर्वेशबरोबर मांडवाच्या माळा लावताना मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यानं बाबांविषयीच काहीतरी सांगितलं.

बारशाला घर भरलं. अस्मिताचं माहेर वालावलहून आलं, वाडीतल्या बायका आल्या, बाबांचे विद्यार्थी आले. टेबलावर कणकवलीचा केक होता, पांढरा, मधोमध निळ्या क्रीमनं लिहिलेलं सत्यवान. आई भिंतीशी टेकून मागे उभी होती. पुढे ये म्हटलं तर येईना. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिलं-घेतलं, गाणी झाली, आणि बायकांनी मला पुढे ढकललं.

मी वाकले. बाळाच्या कानाला तेलाचा आणि वेखंडाचा वास होता. माझ्या पाठीवर 'कुर्र' म्हणत बायका बुक्के मारत होत्या, रीतच आहे तशी. बाबांचं नाव अगदी ओठांशी होतं. इतके महिने मी ते सांभाळून ठेवलं होतं, ह्याच क्षणासाठी. मला एवढंच दिसलं की मी ते ठेवलं, तर पुण्याला निघून जाईन आणि वर्षातून दोनदा येऊन हाक मारीन. दारात रोज उभी राहणार ती आई.

मी त्याच्या कानात देवेश म्हटलं. मग उभी राहून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सर्वेश म्हणाला, "अगं, पण केक!"

बायका हसायला लागल्या. अस्मिताच्या आईनं विचारलं, "बदललात काय?" राधाबाई, आमची शेजारीण, म्हणाली, "आत्येन कानात सांगल्यान ता खरा. आता देवान येवन सांगला तरी बदलाचा नाय." अस्मितानं बाळाला उचललं, त्याच्या तोंडाकडे बघून ते नाव एकदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. मी आईकडे बघितलं नाही. धीर झाला नाही.

केक कापायला कोणी तयार होईना. नावावर सुरी कशी घालायची? शेवटी प्रीतमनं कडाकडांनी तुकडे काढले आणि सगळ्यांना पुरवले. मधे चौकोनी तुकडा राहिला, नावासकट.

लोक गेल्यावर सर्वेश तो तुकडा बशीत घेऊन मागल्या पायरीवर जाऊन बसला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

"हो. विचारायला हवं होतं."

"आईनं सांगितलं?"

"नाही. मी तिला विचारलं."

त्यानं बशी गुडघ्यावर टेकवली. विहिरीवर पंप चालू होता. "आता ते नाव कोण घेणार?" त्यानं विचारलं. "प्रीतमचा ग्रुप?"

  मी म्हणाले, "तू घे. आत्ता."

"वेडी आहेस काय? बाबांचं नाव?" तो म्हणाला आणि मग त्यालाच हसू आलं. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं मला चमचा दिला, स्वतः बोटानंच घेतलं. क्रीम फार गोड होतं. आम्ही दोघांनी तो तुकडा संपवला.

मी परत निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरत होते. अस्मिता बाळाला घेऊन कोवळ्या उन्हात खळ्याच्या टोकाला, फणसाखाली बसली होती. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात आली. जायचं तर चार पावलांवर होतं. ती गेली नाही. चौकटीला हात टेकून उभी राहिली आणि तिनं हाक मारली, मळ्यातून माणूस बोलावतात तशी, गळा मोकळा सोडून.

"देवेशाऽऽ! रे देवेशाऽऽ!"

दगडी गडग्यापलीकडून राधाबाईचं डोकं वर आलं. "कोणाक गो हाक मारतंस इतक्या मोठ्यान?"

"माझ्या नातवाक."

"अगो, तेका अजून मान धरूक येणा नाय. तो काय ओ देतलो?"

"नसलो देत तर नसलो," आई म्हणाली. "माका मारूक येता की नाय?"

आणि तिनं पुन्हा हाक मारली.